ब्रिस्टल : वडीलधाऱ्यांसह पाहण्याजोगे बंदर

दूरच्या प्रवासाचा बेत ठरू लागला की घरातील वडीलधारी माणसे आपण होऊनच म्हणतात, “तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळू.” या वाक्यामागे घराची काळजी थोडी असते; जिन्यांची, गर्दीची आणि दुसऱ्यावर भार होण्याची भीती अधिक असते. मुलगा किंवा मुलगी इंग्लंडात नोकरीस असलेली कुटुंबे आपल्याकडे आज पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी या अंकी ब्रिस्टल बंदराची ओळख करून देत आहोत. हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे हे खरे; परंतु योग्य बाजूने आरंभ केल्यास गुडघे दुखणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसासही ते बरेचसे पाहता येते.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून ब्रिस्टलच्या टेंपल मीड्स स्थानकास पोहोचण्यास आगगाडीने सुमारे पावणेदोन तास लागतात. इझमबार्ड किंग्डम ब्रुनेल या अभियंत्याने आखलेला हा लोहमार्ग १८४१ साली पुरा झाला. गाडीत चढण्या-उतरण्यास मदत हवी असल्यास निदान दोन तास आधी कळवावे. रेल्वेचे कर्मचारी डब्याच्या दाराशी उतरती फळी लावून देतात व त्याबद्दल काहीही आकार घेत नाहीत.

शहरदर्शनास प्रारंभ पाण्याकाठीच करावा. येथील एव्हन नदीस भरती-ओहोटी इतकी मोठी की, पूर्वी ओहोटीच्या वेळी धक्क्याशी लागलेली जहाजे चिखलात बसत. हा त्रास टळावा म्हणून विल्यम जेसप याच्या योजनेप्रमाणे जलद्वारे बांधून नदीचे पाणी अडविण्यात आले आणि १८०९ सालापासून बंदरातील पाणी एका पातळीवर राहू लागले. मोठी जहाजे आता नदीमुखाशी एव्हनमथ येथे लागतात. शहरातील जुने धक्के फिरावयास मोकळे झाले आहेत. ते बहुतांशी सपाट आहेत. मात्र जुनी दगडी फरसबंदी आणि यारीचे रूळ जेथे आहेत, तेथे खुर्चीची लहान चाके अडकतात. तेवढे अंतर सावकाश जावे. बंदरात छोट्या नावाही चालतात. परंतु खुर्चीसह चढता येईल असे धक्के कोणते, हे आधी विचारून घ्यावे.

काठावरच ब्रुनेलचे ‘एस. एस. ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज उभे आहे. १८४३ साली ज्या गोदीत ते बांधले गेले, त्याच गोदीत १९७० साली ते फॉकलंड बेटांहून ओढून आणण्यात आले. गोदीच्या तळाशी उतरून जहाजाची कूस खालून पाहता येते, आणि त्यासाठी लिफ्टची सोय आहे. त्याच काठावरील ‘एम शेड’ या संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा २०२० साली जमावाने पाडून बंदरात लोटला होता. तो आता तेथे ठेवलेला आहे. या बंदराच्या वैभवात कोणाच्या दुःखाचा वाटा होता, हे मुलांना तेथे सांगता येईल.

शहरातील बसगाड्यांना आज खाली घेतलेला तळ, उतरती फळी आणि खुर्चीसाठी राखीव जागा असते. याच शहरात १९६३ साली बस-कंपनी गौरेतर माणसांना वाहक म्हणून घेण्यास नकार देत होती. पॉल स्टीफनसन यांच्या पुढाकाराने नागरिकांनी बसवर बहिष्कार घातला. चार महिन्यांनी कंपनी नमली, आणि पहिला गौरेतर वाहक म्हणून रुजू झाले ते रघबीर सिंग हे शीख गृहस्थ.

भारतीय प्रवाशाने आणखी एक स्थळ चुकवू नये. राजा राममोहन रॉय यांचे देहावसान २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलनजीक स्टेपलटन येथे झाले. आर्नोस व्हेल स्मशानभूमीत त्यांच्या समाधीवर द्वारकानाथ टागोरांनी उभारविलेली भारतीय धाटणीची छत्री आहे. स्मशानभूमीतील काही वाटा चढाच्या असल्याने तेथे मोटारीने जाणे बरे. कॉलेज ग्रीनवर राजांचा पुतळा असून त्या बाजूचा मार्ग सोयीचा आहे. शेजारची पार्क स्ट्रीट मात्र दमविणारी आहे.

इंग्लंडातील २०१० च्या समता कायद्यान्वये अपंग व्यक्तींसाठी वाजवी सोय करणे हे सेवा देणाऱ्यांचे कर्तव्य ठरते. आपल्याकडेही २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला आहे. तेव्हा मदत मागताना संकोच नसावा. तिकिटे काढण्यापूर्वी वडिलांना किती पायऱ्या झेपतात, किती वेळ बसणे सोसते हे त्यांनाच विचारावे, आणि दिवसाचा बेत त्यांच्या चालीने आखावा. रोज दोनच स्थळे पाहून झाली तरी चालेल. ती सर्वांनी मिळून पाहिलेली असतील.