‘लिमा’ म्हणजे एल, की पाच?

१/ वैमानिक नियंत्रण कक्षाशी बोलताना ‘एल’ हे अक्षर ‘लिमा’ असे उच्चारतो. लिमा ही पेरूची राजधानी. परंतु मलय आणि इंडोनेशियन भाषांत ‘लिमा’ म्हणजे पाच! ज्या संदेशांत अक्षरे आणि आकडे शेजारी-शेजारी येतात, तेथे हा योगायोग केवळ गमतीचा राहत नाही.

२/ विशेष म्हणजे, गोंधळ टाळण्यासाठीच ही शब्दमाला जन्मली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकी सैन्यांत ‘एबल, बेकर, चार्ली’ हे संकेत रूढ होते. ते इंग्रजी कानांसाठी घडलेले, इतरांना परके. म्हणून माँट्रियल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल विने यांच्यावर नव्या शब्दांच्या निवडीचे काम सोपवले गेले.

३/ ही नवी शब्दमाला १९५१ मध्ये स्वीकारली गेली आणि लगेच उणिवा दिसल्या. खरखरत्या रेडिओवर ‘नेक्टर’ आणि ‘व्हिक्टर’ सारखेच ऐकू येत. ‘डेल्टा’ आणि ‘एक्स्ट्रा’ यांचेही तेच. मग ३१ देशांतील भाषकांवर चाचण्या झाल्या. पाच शब्द बदलले गेले आणि १ मार्च १९५६ पासून आजची शब्दमाला अमलात आली.

४/ स्पेलिंगचाही विचार झाला. ‘अल्फा’ मुद्दाम ‘एफ’ने लिहितात, कारण ‘पीएच’चा उच्चार ‘फ’ होतो हे सर्वांनाच ठाऊक नसते. ‘ज्युलिएट’च्या शेवटी दोन ‘टी’, कारण फ्रेंच वाचक अंत्य ‘टी’ गाळतो.

५/ एवढे करूनही ‘लिमा’ उरलाच. म्हणून मलयभाषक प्रदेशात ‘लंडन’ हा पर्याय वापरला जातो. अमेरिकेतील अटलांटा विमानतळावर अडचण निराळी होती. तेथे डेल्टा या विमान कंपनीचे मुख्य केंद्र असल्याने ‘डी’ टॅक्सीमार्गाला अनेक वर्षे ‘डिक्सी’ म्हणत.

६/ यावर आक्षेप रास्त आहे: प्रत्येक गावाने आपापला शब्द आणला, तर परका वैमानिक काय समजेल? म्हणूनच स्थानिक अभिमानापोटी केलेला बदल अमान्यच व्हावा. मात्र प्रत्यक्ष संदिग्धतेमुळे केलेला आणि आधी जाहीर केलेला बदल हा शिस्तभंग नव्हे. १९५६ च्या दुरुस्तीमागेही हेच तत्त्व होते.

७/ संकेतशब्दाची कसोटी बोलणाऱ्याच्या तोंडी नसते, ऐकणाऱ्याच्या कानी असते. ज्याचा कान चाचणीत विचारात घेतला गेला नाही, त्याच्या वाट्याला संदिग्धता आली. ‘जागतिक’ म्हणवणाऱ्या कोणत्याही प्रमाणाला म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारावा: ते ठरवताना कोणाकोणाला ऐकवून पाहिले होते?