टपाचे अस्तर

दिवाळीपूर्वी भिंतींना रंग मिळतो, उंबऱ्याला रांगोळी मिळते. छताच्या वाट्याला येते ती केरसुणीची एक फेरी, तीही जळमटे काढण्यापुरती. मोटारीच्या छताचे नशीब याहून निराळे नाही. टप बाहेरून रोज पुसला जातो. पण आतून त्याला असलेले अस्तर कोणाच्या खिजगणतीत नसते. ते लोंबून मागे बसलेल्या मावशींच्या अंबाड्याला लागले, की मगच सर्वांच्या माना वर होतात. आणि मग शेजारपाजारचे सारे एकमुखाने सांगतात, "चिकटवून टाका!"

वाचकहो, एवढे मात्र करू नका. जुनी फियाट ११०० घ्या. हीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. हिचे अस्तर टपाला चिकटवलेले नसतेच. ते टांगलेले असते. कापडाच्या वरच्या अंगाला आडवे नेफे शिवलेले असतात. परकराच्या नेफ्यातून नाडी जाते, तशी या नेफ्यांतून पोलादी तारेची कमान जाते. चिकटवलेल्या असतात त्या फक्त कडा. तेव्हा अस्तर लोंबते, म्हणजे कुठे शिवण उसवलेली असते, कुठे कमान निसटलेली असते, नाहीतर कड सुटलेली असते. कड सुटली, की काचेभोवतालचे वाळलेले रबर तपासावे; पाणी बहुधा तिथूनच आत येते. म्हणून "कापड कोणते घ्यायचे?" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "पाणी आले कुठून?"

वीतभर फाटले असेल, तर सबंध अस्तर बदलू नये. वाकड्या सुईने टाके घालता येतात, मागून तुकडा लावता येतो. ठिगळ दिसेल, दिसू द्यावे. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे केव्हाच थांबले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली. आता उरल्या आहेत त्या इमारतींच्या आवारात ताडपत्रीखाली जपलेल्या कुणाच्या वडिलांच्या, कुणाच्या आजोबांच्या गाड्या. अशा गाडीतले मूळचे कापड एकदा गेले, की ते गेलेच.

अगदी जीर्ण झाले असेल, तर मात्र बदलावेच लागते. कुशनवाला घाईचा असतो. जुने कापड टराटरा ओढून कोपऱ्यात फेकण्याकडे त्याचा कल. तिथे त्याचा हात धरावा. जुने कापड अखंड निघाले पाहिजे, कारण नव्याचा बेत त्यावरूनच घ्यायचा. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा असतो. म्हणून काढतानाच पुढून मागे आकडे घालावेत, डावे-उजवेही लिहावे. टप उघडा पडला, की गंज खरवडून गंजरोधक रंग द्यावा आणि दिव्याची वायर पाहून घ्यावी. अशी संधी पुन्हा लवकर येत नाही.

नवे कापड कडेला दोन-तीन इंच जास्त ठेवावे. रेक्झिन असेल, तर आधी थोडे उन्हात तापवावे, म्हणजे ते नरम होऊन नीट ताणले जाते. आधी मधली कमान बसवून मग पुढे-मागे सरकावे. डिंक दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकू द्यावा, आणि मगच कड दाबावी. दिव्याचे भोक सर्वांत शेवटी, आणि तेही लहान कापावे. वाढवता येते, बुजवता येत नाही.

रंग पूर्वीचाच फिकट असू द्या. गडद छताखाली आधीच आटोपशीर असलेली गाडी आणखी आखडते.

आणि काम झाल्यावर जुने अस्तर भंगारवाल्याला देऊ नका. स्वच्छ झटकून, घडी करून माळ्यावर ठेवा. पंचवीस वर्षांनी तुमच्या नातवाला पुन्हा माप लागेल. ते विचारायला तोवर कारखाना नसेल आणि कदाचित कुशनवालाही नसेल.