हौद्यात घर बांधू नका, ठेवा!

ते रील तुम्हीही पाहिलं असणार. धुक्यातला डोंगर, कडेला उभी पिकअप, मागचा दरवाजा उघडतो आणि आत अख्खं घर! लाकडी कपाटं, मऊ गादी, पिवळ्या दिव्यांची माळ, वाफाळती कॉफी. रील संपतं, मोबाइल खाली ठेवता आणि समोर दारात आपलीच पिकअप उभी असते. हौद्यात कांद्याचा पाचोळा, कोपऱ्यात दोन रिकामी पोती. आणि डोक्यात किडा वळवळायला लागतो की आपणही करू शकतो की राव!

करू शकता. बार्शीत बसून नक्की करू शकता. पण त्या रीलमधलं निम्मं आपल्या कामाचं नाही आणि उरलेलं निम्मं आपल्याकडं आधीपासून आहे, हे आधी ऐकून घ्या. हे मला कळायला बेचाळीस हजार रुपये लागले. तुम्हाला फुकटात सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी मी घरच्या पिकअपच्या हौद्यात हुबेहूब रीलमधल्यासारखं इंटिरिअर केलं. दोन्ही बाजूंना प्लायची कपाटं, मध्ये पलंग, वर पत्र्याचं कायमचं छत, सगळं नट-बोल्टनं पक्कं ठोकलेलं. पोरं बघायला यायची, फोटो काढायची. एक ट्रिप झाली. डिसेंबर उजाडला, कांदा काढणीला आला आणि वडील हौद्यात डोकावून म्हणाले, ‘‘आरं, सोमवारी माल भरायचाय. हे कपाट काय डोक्यावर घेऊ?’’ भाड्याची गाडी लावली तर पैसे जाणार, आपली उभी ठेवली तर हप्ता थांबत नाही. रविवारी रात्री मी आणि माझा मित्र पान्हे घेऊन बसलो. सकाळपर्यंत कपाटं बाहेर. त्यातली निम्मी काढतानाच तुटली.

आपल्या आणि रीलमधल्या गाडीत मुख्य फरक हाच आहे. तिकडच्या बऱ्याच जणांची ती हौसेची गाडी असते. आपली गाडी घर चालवते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: पिकअपमध्ये कॅम्पर जरूर करा, पण जो अर्ध्या तासात उतरवता येत नाही तो करू नका. सोमवारी गाडी बाजार समितीत लागली पाहिजे.

ही अक्कल आपल्या गावाला नवी नाही, बरं का. बार्शी लाइट रेल्वे आठवतेय? आपण फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलेली ती छोटी गाडी. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत ती सुरू झाली. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती आखली. त्यानं आधी वजन ठरवलं. कुठल्याही एका एक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, म्हणजे हलके, स्वस्त रूळही पुरतील. आणि मालडबे बनवताना खालचा सांगाडा एकाच मापाचा ठेवला, पंचवीस फुटांचा. वरची बॉडी त्यानंतर. आधी वजन, मग सांगाडा आणि सगळ्यात शेवटी वरची सजावट. आपण नेमकं उलटं करतो. आधी दिव्यांची माळ घेतो!

दुसरी शाळा तर रस्त्यावरच भरते. आषाढीला दिंडीची गाडी कधी आतून बघितलीय? खाली भांडी, शेगडी, शिधा. वर फळ्या टाकून वळकट्या. बाजूला तंबूचे बांबू. रोज सकाळी सगळं भरायचं, रोज मुक्कामी उतरवायचं. एक वस्तू शोधायला लागत नाही. आणि दिवाळीच्या आगेमागे बालाघाटाकडून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या बघा. एका ट्रॅक्टर-ट्रॉलीत पाच-सहा महिन्यांचा संसार असतो. ती त्यांची हौस नाही, पोटासाठीची वणवण आहे, म्हणून त्याला ‘व्हॅनलाइफ’ म्हणायची चूक मी करणार नाही. पण कमी जागेत काय लागतं आणि काय लागत नाही, हे त्या बाईला विचारा. कुठल्याही यूट्यूबरपेक्षा नेमकं सांगेल.

आता मी दुसऱ्यांदा काय केलं ते सांगतो. चार पेट्या. बस्स. प्रत्येक पेटी तीन फूट बाय अडीच फूट, उंची सोळा इंच. १२ मिमी प्लायच्या ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये जवळपास एक पेटी बसते. चारही पेट्या जोडून ठेवल्या की सहा बाय पाचचा पलंग तयार, दोघांना ऐसपैस. झाकण उघडलं की आत सामान. १२ मिमीची शीट साधारण वीस किलोची असते, १८ मिमीची तीस किलोच्या पुढं जाते. म्हणून मजबुतीच्या नावाखाली जाड प्लाय घेऊ नका. रिकामी पेटी दोघांना सहज उचलता आली पाहिजे. आपलं ‘पाच टनांचं’ गणित ते हेच. पेट्यांच्या तळाला लाकडी पट्ट्या मारा, म्हणजे हौद्यात पाणी आलं तरी प्लाय भिजणार नाही. आणि ताडपत्री बांधायच्या हुकांना पट्टे अडकवून पेट्या आवळा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात नाचतील. पिकअपचे पाटे जड मालासाठी बनवलेले असतात, हलक्या ओझ्यावर गाडी जास्त उडते.

पाण्याचा कॅन, बॅटरी, जड भांडी केबिनच्या बाजूला ठेवा. फाळक्याकडं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. टपावरही जड काही नको, घाटातल्या वळणावर ते कळतं.

छत? पत्र्याचं नकोच. रीलमधली माणसं थंडीशी भांडतात म्हणून भिंतींत थर्माकोल, फोम कोंबतात. आपलं भांडण उन्हाशी आहे. एप्रिलमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद पत्र्याची खोली म्हणजे भट्टी. लोखंडी कमानी आणि फिकट रंगाची ताडपत्री घ्या. ताडपत्रीवाल्याकडून दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या शिवून घ्या, आतून मच्छरदाणीची जाळी, बाहेरून गुंडाळता येणारा पडदा. आरपार वारा खेळला की झोप लागते.

विजेचा हिशेब तर कागदाच्या चिठोऱ्यावर मावतो. पाच वॉटचा दिवा पाच तास म्हणजे २५ युनिट... थांबा, युनिट नव्हे, २५ वॉट-तास. वीस वॉटचा पंखा आठ तास, १६०. दोन मोबाइल, तीसेक. झाले सव्वादोनशेच्या आत. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीतले निम्मेच वापरायचे म्हटले तरी ६०० मिळतात. मग फ्रिज, इन्व्हर्टर, चार पॅनेल कशाला? फक्त बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज टाका. हलत्या गाडीत वायर घासते, आणि प्लायच्या पेटीत ठिणगी पडली तर पळायलाही वेळ मिळत नाही.

आणि स्वयंपाक आत करायचा नाही. काही झालं तरी नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर हौद्याच्या तळाशी साचून राहतो. थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन झोपणं तर सरळ जीव देणं आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. फाळका पाडला की तोच ओटा. चहा तिथं करा, गप्पाही तिथंच रंगतात.

आता कायद्याचं. ‘कोण बघतंय’ म्हणू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं. परवानगीशिवाय केलेल्या दर बदलामागं पाच हजारांचा दंड आहे, सहा महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. केबिन कापणं, चेसिस वाढवणं, हौद्यात सीट जोडणं असल्या भानगडीत पडायचंच असेल, तर वेल्डिंगवाल्याच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडं जा, उत्तर लेखी घ्या. सुट्या पेट्यांचा मोठा फायदा हाच, त्या उतरवल्या की गाडी जशीच्या तशी. आणि मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवून गाडी चालवायची नाही. चालताना केबिन, थांबल्यावर गादी.

काही जण म्हणतील, मग हा कसला कॅम्पर? चार पेट्या आणि ताडपत्री! राज्यानं २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलंय, लोक लाखो रुपयांच्या गाड्या बनवतायत, आणि तुम्ही आम्हाला पेट्या शिकवताय? बरोबर आहे. ज्यांचा तो धंदा आहे त्यांनी रीतसर पासिंग करून जरूर बनवाव्यात. पण ज्या पोरानं स्वप्नापायी घरच्या पिकअपवर आणखी कर्ज चढवलं, त्याची गाडी डोंगरावर जात नाही, हप्त्यामागं धावत राहते. माझा दुसरा खटाटोप पंधरा हजारांच्या आत झाला. त्यात परांड्याचा किल्ला झाला, उजनीच्या पाणलोटावरचे रोहित पक्षी झाले. मुक्कामाला जागा मात्र विचारून घेतो, एखाद्या शेतकऱ्याच्या वस्तीवर किंवा ढाब्याच्या आवारात. अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय रात्र काढायचीच नाही.

गेल्या हंगामात वडील कांदा घेऊन सोलापूरच्या बाजारात निघाले होते. रांग लागली की रात्र तिथंच जाते. आजवर ते स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपायचे, सकाळी मान धरलेली असायची. निघताना म्हणाले, ‘‘त्यातली एक पेटी दे. पंखेवाली.’’ पोत्यांच्या शेवटी, फाळक्याजवळ तेवढी जागा त्यांनीच राखून ठेवली होती.

बेचाळीस हजारांच्या कपाटांत त्यांना कधी झोपता आलं नव्हतं. तुमचा कॅम्पर करायला घ्याल तेव्हा आधी घरात विचारा, सोमवारी गाडी कोणाला लागते. त्या माणसालाही जो उपयोगी पडेल, तो बनवा.