आधी कान तपासा

माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा. वर्गात हाकेला ओ देत नाही, मध्येच उठतो, मुलांना ढकलतो. गुरुजी म्हणाले, व्रात्य आहे. आजीने भगताचा गंडा बांधला. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत 'अतिचंचल' ठरवला. मला तर हा शिक्काही गंड्यासारखाच वाटला! २०१३ च्या अमेरिकन मानसरोग-नियमावलीनुसार ही लक्षणे घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. घरी तो कसा वागतो, हे आईला कोणी विचारलेच नाही. घरी आई जवळ जाऊन मोठ्याने बोलते, तेव्हा तो नीट ऐकतो. अखेर जिल्ह्याला श्रवणचाचणी झाली. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेले निघाले. आता औषधोपचार चालू आहेत. ढकलणे मात्र थांबलेले नाही. त्यासाठी पुन्हा जायचे आहे, आईची एक दिवसाची मजुरी बुडवून.