ट्रेकला राखीव दिवस हवाच

एप्रिल आणि सप्टेंबर आले की आमच्या ओपीडीत ताप-खोकल्याच्या केसपेपरांमध्ये एक वेगळा कागद दिसू लागतो. ट्रेकिंग आयोजकांचा छापील फॉर्म. नाव, वय, वजन, रक्तदाब, नाडी, ‘सदर व्यक्ती अतिउंचीवरील पदभ्रमणासाठी सक्षम आहे’ असे एक वाक्य आणि खाली डॉक्टरांच्या सहीसाठी रेघ. हा कागद आणणारे बरेचसे तरुण शेंद्रा एमआयडीसीतले असतात. पहिली पाळी संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून थेट रुग्णालयात आलेले. रोज पहाटे गोगाबाबा टेकडी चढतो, देवगिरी किल्ल्यावर न थांबता जातो, कळसूबाई तीनदा झाली, असे उत्साहाने सांगतात. मी रक्तदाब पाहतो, छाती तपासतो, गरज वाटली तर ईसीजी काढायला लावतो आणि सही करतो.

अशाच एका सहीबद्दल आज लिहायचे आहे. ती मी चुकीच्या माणसासाठी केली नव्हती. तो मुलगा खरोखरच ठणठणीत होता. चूक वेगळीच होती.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये आम्ही नऊ जण नेपाळमधल्या गोक्यो सरोवरांच्या ट्रेकला गेलो. मी तेव्हा नुकताच पन्नाशीत आलो होतो. गटात शेंद्र्याच्या एका कारखान्यातले दोन तरुण होते. त्यातल्या एकाच्या फॉर्मवर माझी सही होती, माझ्या फॉर्मवर माझ्या सहकारी डॉक्टरची. आयोजकांनी दोन आराखडे दिले होते, एक १३ दिवसांचा आणि एक ११ दिवसांचा. लांबच्या आराखड्यात नामचे बाजारला दोन रात्री होत्या आणि पुढे एक मुक्काम जास्त होता. शिवाय तो महाग होता. आम्ही ११ दिवसांचा घेतला, आणि रजा कमी आहे म्हणून त्यासाठी सर्वांत जास्त आग्रह मीच धरला होता.

लुक्ला सुमारे २,८६० मीटरवर. तिथे विमानाने उतरायचे, पुढे सगळे पायी. दूधकोशी नदीवरचे झुलते पूल, बटाट्याची आणि फापराची शेते, मणी-भिंती, दगडी घरांची शेर्पा गावे. ३,४४० मीटरवरच्या नामचेपासून वाट वळते आणि डोले, माछेर्मो करत गोक्योला, म्हणजे ४,७९० मीटरवर पोहोचते. हिमनदीच्या काठाने एकामागे एक सरोवरे, पाण्याचा रंग नीलमण्यासारखा. तो पाहून माणूस दमणूक विसरतो. अडचण अशी की तो डोकेदुखीही विसरू पाहतो.

उंचीवर हवेत ऑक्सिजन कमी असतो, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण छत्रपती संभाजीनगरात २१ टक्के आणि गोक्योलाही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. आपले शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ५७० मीटरवर आहे. इथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. गोक्योला ते साधारण ८४ अंशांनाच उकळते, म्हणून तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. हाच कमी दाब फुफ्फुसांनाही सोसावा लागतो. एका श्वासात ऑक्सिजनचे जेवढे रेणू आपण इथे घेतो, त्याच्या निम्म्याहून थोडे अधिकच तिथे मिळतात.

शरीर यावर उपाय काढते. श्वास खोल आणि भरभर होतो. त्यामुळे रक्ताचा बिघडलेला आम्ल-अल्क समतोल मूत्रपिंडे काही दिवसांत सावरतात. तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे लागतात. या जुळवणीचा व्यायामाशी फारसा संबंध नाही. कळसूबाई महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर असले तरी १,६४६ मीटरच. विरळ हवेचा त्रास सुरू होतो साधारण २,५०० मीटरच्या पुढे. म्हणजे आपल्या अख्ख्या राज्यात या परीक्षेचा सराव करता येईल अशी जागाच नाही. टेकडी रोज चढल्याने पायांत बळ येते, दम वाढतो, ते हवेच. पण त्यामुळे उंची बाधणार नाही, हा समज चुकीचा आहे. उलट दणकट माणूस भरभर चढतो आणि शरीराला जुळवून घ्यायला कमी वेळ देतो.

याचा मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात भारतीय जवानांना मैदानी भागातून थेट हिमालयात न्यावे लागले. पुढे इंदरजितसिंग आणि त्यांच्या लष्करी डॉक्टर सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या आजाराची निरीक्षणे १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडली. हा निबंध आजही जगभर वाचला जातो. ते रुग्ण तरुण, निवडलेले, कसलेले सैनिक होते. त्यांच्याइतका फिटनेस आपल्यापैकी कोणाकडे असेल? दुसरा पुरावा गोक्योच्या शेजारच्या खोऱ्यातला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी ४,२४३ मीटरवरच्या फेरिचे इथे २७८ ट्रेकर तपासले. निम्म्याहून अधिकांना, ५३ टक्क्यांना, पर्वतीय आजाराची लक्षणे होती. आणि लुक्लाला विमानाने उतरलेल्यांमध्ये ती खालून चालत आलेल्यांपेक्षा जास्त होती. तेच डोंगर, तीच उंची, फरक वेगाचा.

हे सगळे मला पाठ होते. तरीही माछेर्मोला पोहोचलो त्या संध्याकाळी माझे डोके ठणकत होते, जेवण नको वाटत होते, आणि मी कोणाला न सांगता पॅरासिटामॉल घेऊन बसलो. त्या मुलाने जवळ येऊन विचारले, “सर, तुम्हाला काही होतंय का?” मी म्हणालो, “नाही रे, मस्त वाटतंय.” त्याचे डोके दुपारपासून दुखत होते आणि एकदा उलटीही झाली होती, हे मला नंतर कळले. पन्नाशीच्या डॉक्टरला काही होत नाही, तर आपणच नाजूक, असे त्याला वाटले आणि तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोक्योला पोहोचलो. रात्री तो लघवीला उठला आणि दारात धडपडला. थंडीने पाय आखडले असतील, असे सगळ्यांना वाटले. आमच्या नेपाळी गाइडला तसे वाटले नाही. त्याने मुलाला उभे केले आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. चौथ्या पावलाला तो कलंडला. आपण कुठे आहोत, हेही त्याला नीट सांगता येईना. मेंदूला सूज येऊ लागल्याची ही खूण. “डॉक्टरसाहेब, सकाळची वाट नाही बघायची,” गाइड म्हणाला. मी माझ्या पेटीतले डेक्सामेथासोन दिले आणि डोक्याला बॅटऱ्या बांधून, दोघांनी त्याला धरून, आम्ही अंधारात माछेर्मोची वाट उतरलो. उजाडेपर्यंत तो स्वतःचे नाव, गाव, कंपनी नीट सांगू लागला. दिवसभरात आणखी खाली डोलेला नेल्यावर त्याने भात मागितला. त्या दिवशी माझे डोकेही थांबले.

त्याला काही झाले असते, तर त्याच्या फॉर्मवरची माझी सही खोटी ठरली नसती. तो सक्षम होताच. आराखडा सक्षम नव्हता, आणि तो मी तपासलाच नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. अतिउंचीच्या ट्रेकमध्ये माणसाचे प्रमाणपत्र मागण्याआधी वेळापत्रकाचे प्रमाणपत्र मागायला हवे. जगभर मान्य झालेला नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, हिशेब रात्रीचा असतो. आम्ही नामचेहून एका दिवसात डोलेला गेलो, तेव्हा झोपण्याची उंची सुमारे ६०० मीटरने वाढली होती, तीही नामचेला एकच रात्र काढून. दुसरी-तिसरी इयत्ता शिकलेल्यालाही ही वजाबाकी येते. एमबीबीएस, एमडी झालेल्या मी ती केली नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, घाईच्या आराखड्याने शेकडो लोक जातात आणि सुखरूप येतात. खरे आहे. पण कोणाला बाधेल, हे आधी सांगणारी तपासणी आमच्याकडे नाही. मागच्या वेळी त्रास झाला नाही, म्हणून या वेळी होणार नाही, असेही नसते. दुसरा आक्षेप पैशांचा आणि रजेचा. तो मला जास्त पटतो. शेंद्र्यातल्या कंत्राटी कामगाराला प्रत्येक जादा दिवस बिनपगारी पडतो. मला त्यावर एकच उत्तर दिसते. सहा दिवस असतील, तर सहा दिवसांत शरीराला झेपेल त्या उंचीचा डोंगर निवडा. उंची कमी केली, तर हिमालय काही कमी होत नाही. पण दिवस कमी करून उंची तीच ठेवली, तर जे वाचते त्याची किंमत शरीर देते.

गप्प राहण्याची ही सवय केवळ हौशी ट्रेकरची नाही. आपली ओझी वाहणारे बरेच भारवाहक खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात, त्यांनाही उंची बाधते. पण आजारी आहे म्हटले की मजुरी जाते, म्हणून तेही बोलत नाहीत. माछेर्मोला त्यांच्यासाठी वेगळा निवारा आणि आरोग्य केंद्र उभारावे लागले, ते उगीच नाही. ताप अंगावर काढून पाळीला जाणारा आपला कामगार आणि डोके दुखत असताना पाठीवर ओझे घेणारा तो भारवाहक, दोघांचे दुखणे एकच. राखीव दिवस असला की बोलण्याची किंमत कमी होते. ‘आज मला बरे नाही’ म्हणणाऱ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडत नाही, आणि म्हणून तो बोलतो.

काही समजही सोडायला हवेत. कापराची पुडी हुंगल्याने नाकाला गार वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लसणाचे सूप चवीसाठी प्यावे. करोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर सोबत असू द्या, पण गार बोटांवर तो चुकतो, आणि आकडा बरा असला तरी लक्षणे खरी धरायची. असिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हे उपयोगी औषध आहे, त्याने जुळवणीला मदत होते. पण ते डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि त्याच्या भरवशावर वेग वाढवू नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर नकोतच. हृदयविकार, फुफ्फुसांचा जुना आजार, सिकलसेल किंवा तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

वर गेल्यावर लक्षात ठेवायचे थोडेच आहे. उंचीवर डोके दुखले आणि मळमळ, चक्कर किंवा थकवा सोबत आला, तर दुसरे कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा. त्या रात्री आणखी वर झोपायला जाऊ नका. बसल्या जागी दम लागला, खोकला वाढला, तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असली तरी खाली उतरवा, आणि त्याला एकटे सोडू नका.

मागे फिरण्यात कमीपणा वाटत असेल, तर आपल्याच शहराकडे पाहा. मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टचे शिखर जवळ आलेले असताना खराब हवामानामुळे मागे वळल्या आणि २०१८ मध्ये माथ्यावर उभ्या राहिल्या. इथल्याच पोलीस दलातले रफिक शेख २०१४ आणि २०१५ मध्ये परत आले, २०१६ मध्ये त्यांनी शिखर गाठले.

आयोजकांनी माहितीपत्रकात सरोवरांच्या फोटोशेजारी प्रत्येक रात्रीची उंची, राखीव दिवस आणि अर्ध्यातून परतल्यास पैशांचे काय, हे छापावे. आम्ही डॉक्टरांनी आराखडा पाहिल्याशिवाय सही करू नये. मी आता करत नाही. शेंद्र्याहून येणाऱ्या मुलांना माझे सांगणे इतकेच की, आगाऊ रक्कम भरण्याआधी एका कागदावर प्रत्येक मुक्कामाची उंची लिहा, आदल्या रात्रीची त्यातून वजा करा, आणि ३,००० मीटरच्या वर कुठे ५००हून मोठा आकडा आला, तर आयोजकांना तिथे एक रात्र वाढवायला सांगा. फॉर्मबरोबर तो कागदही घेऊन या. मी तो आधी वाचीन, मग रक्तदाब बघीन.