हात लावू देत नाहीत, तिथे जा

आग्र्याचा ताजमहाल, फत्तेपूर सिक्री आणि मग मथुरा-वृंदावन, हा उत्तरेच्या सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाचा ठरलेला क्रम. आग्रा सोडून दिल्लीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर कीठमचं तळं येतं. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. या तळ्याभोवतीच्या सूर सरोवर अभयारण्यात स्लॉथ जातीच्या अस्वलांसाठी चालवलेलं जगातलं सर्वांत मोठं आश्रयस्थान आहे. इथे आलेली बरीचशी अस्वलं एकेकाळी रस्त्यावर नाचत होती.

दरवेशी आणि त्याचं अस्वल महाराष्ट्रातही गावोगाव फिरत असे. डमरू वाजला की पोरं गोळा व्हायची, अस्वल मागच्या पायांवर उभं राहायचं. भित्र्या मुलाला त्याच्या पाठीवर बसवत, अस्वलाचा केस ताइतात घालून गळ्यात बांधत. त्या खेळामागे काय असतं हे पाहणाऱ्यांना फारसं ठाऊक नव्हतं. शिकारी जंगलातून पिल्लं पळवत, बहुतेकदा आईला मारूनच. मग तापलेली सळई नाकाडातून आरपार घालायची, भूल वगैरे काही न देता. त्या भोकातून दोरीची वेसण ओवायची आणि सुळे तोडून टाकायचे. वेसणीला हिसका बसला की अस्वल कळवळून उठायचं. त्यालाच नाच म्हणत.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हा खेळ तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिला, कारण अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर समाजाला दुसरा धंदा येत नव्हता. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी 1995 मध्ये 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था सुरू केली. ही गोष्ट त्यांच्या नीट ध्यानात आली. नुसती अस्वलं जप्त करून भागणार नव्हतं. अस्वल सोपवणाऱ्या कलंदराला नव्या व्यवसायासाठी भांडवल मिळालं, बायकांना घरबसल्या काम मिळालं, मुलं शाळेत जाऊ लागली. आग्र्याच्या केंद्रात पहिली अस्वलं डिसेंबर 2002 मध्ये आली. 2009 च्या डिसेंबरात कर्नाटकात राजू नावाच्या अस्वलाची वेसण निघाली आणि नाचणाऱ्या अस्वलांचा खेळ देशात संपल्याचं संस्थेने जाहीर केलं. तोवर सहाशेहून अधिक अस्वलं सुटली होती. शेकडो वर्षांची रीत सात वर्षांत मोडली. ती ज्यांच्या पोटावर पाय येणार होता त्यांना सोबत घेऊन मोडली, म्हणून टिकली.

कीठमला आधी नोंदणी करून जावं लागतं, आणि अस्वलं दिसतात ती कुंपणापलीकडून. कोणी मुळं उकरत असतं, कोणी लाकडाच्या भोकात लपवलेला मध चाटत असतं, कोणी झोळीत पाठ टेकून झोपलेलं असतं. उन्हाळ्यात त्यांना कलिंगडं मिळतात, रोज धान्याची लापशी मिळते. यांना जंगलात का सोडत नाहीत, हा लहान मुलांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. सुळे नाहीत, शिकवायला आई नव्हती, सगळं आयुष्य माणसाच्या दोरीला बांधलेलं गेलं. अशा जनावराला रानात सोडणं म्हणजे मरायला सोडणं.

तिथून जवळच, मथुरा जिल्ह्यात, याच संस्थेचं हत्तींचं केंद्र आहे. 2014 च्या जुलैमध्ये राजू नावाचाच एक हत्ती तिथे आणला गेला. सुमारे पन्नास वर्षं तो साखळदंडात होता, पायांतल्या काटेरी साखळ्यांनी जखमा झालेल्या होत्या. 2018 मध्ये इथे हत्तींसाठी वेगळं रुग्णालयही उभं राहिलं. ताजमहाल पाहायला आलेल्या कुटुंबाने अर्धा दिवस इकडे द्यावा. मुलांना सहलीत याहून मोलाचं काही दाखवता येईल असं वाटत नाही.

पण 'आश्रयस्थान' अशी पाटी दिसली म्हणून आत शिरू नये. थायलंडला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी कांचनाबुरीच्या व्याघ्रमंदिराची कहाणी जरूर माहीत करून घ्यावी. हा बौद्ध मठ. अनाथ वाघांना भिक्षूंनी आसरा दिला, अशी त्याची ख्याती होती. परदेशी पाहुणे तिकीट काढून येत, पिल्लांना बाटलीने दूध पाजत, मोठ्या वाघाशेजारी बसून फोटो काढत. 2016 मध्ये थायलंडच्या वन्यजीव अधिकाऱ्यांनी तिथून 147 वाघ हलवले. त्या वेळी शीतपेटीत वाघांच्या चाळीस बछड्यांचे मृतदेह सापडले. पुढच्या तीन वर्षांत त्या 147 मधले निम्म्याहून जास्त वाघ सरकारी केंद्रांत दगावले. जवळच्या नात्यातल्या पैदाशीने त्यांची प्रतिकारशक्ती खालावली होती, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. तिथे दूध पाजून आलेले पाहुणे काही दुष्ट नव्हते. आपण वाघांच्या भल्याला हातभार लावतोय, अशीच त्यांची समजूत होती.

ज्या ठिकाणी पाहुण्यांना कुरवाळायला बाराही महिने पिल्लं हजर असतात, तिथे ती पिल्लं येतात कुठून, आणि मोठी झाल्यावर जातात कुठे? तिकिटाच्या खिडकीवर हे विचारायलाच हवं.

हत्तींचंही तेच. 1989 मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली आणि ओंडके ओढणारे हत्ती व त्यांचे माहूत बेकार झाले. ते पर्यटनाकडे वळले. पाठीवरच्या सफरीवर टीका वाढली, तशी अनेक तळांनी पाटी बदलली. आता 'हत्तीला आंघोळ घाला' असा कार्यक्रम असतो. दिसायला निरुपद्रवी, म्हणून पालक हौसेने मुलांना पाण्यात उतरवतात. पण अनोळखी माणसांच्या घोळक्यात दिवसातून कितीतरी वेळा मुकाट उभं राहायचं, तर हत्तीला लहानपणी मार आणि साखळीच्या धाकाने नमवावं लागतं. आणि नमवलेला हत्तीही हत्तीच असतो. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण थायलंडमध्ये हत्तीला आंघोळ घालताना एका तरुण स्पॅनिश विद्यार्थिनीचा जीव गेला.

फरक किती असू शकतो, हे श्रीलंकेत एकाच देशात पाहायला मिळतं. पिन्नावलाचं हत्ती अनाथालय 1975 मध्ये सुरू झालं आणि ते सगळ्या सहलींच्या यादीत असतं. तिथे पैसे भरून पिल्लाला दूध पाजता येतं, रस्त्यातून नदीवर निघालेला कळप जवळून पाहता येतो. पण तिथे जन्मलेले हत्ती जंगलात जाण्यासाठी वाढवले जात नाहीत. उडवलवेचं केंद्र 1995 मधलं. आईपासून तुटलेली पिल्लं तिथे येतात, त्यांना ठरलेल्या वेळी दूध मिळतं आणि पर्यटक लांबच्या चौथऱ्यावरून पाहतात. एवढंच. थोडी मोठी झाली की ती राष्ट्रीय उद्यानांत सोडली जातात. अशी शंभराहून जास्त पिल्लं जंगलात परतली आहेत. पिन्नावलाला फोटो छान मिळतात यात शंका नाही, पण पैसे उडवलवेत खर्च करावेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या जागी हेमलकसा आठवेल. डॉ. प्रकाश आमटे आणि त्यांच्या बिबट्यांची छायाचित्रं घराघरांत पोचली आहेत. माडिया शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू त्यांनी मागून घेतलं, तिथून हेमलकशाचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. ती माया खरी आहे. पण ती एका माणसाने त्या रानात आयुष्य घालवून कमावलेली आहे. दोन दिवसांच्या सहलीवर आलेल्याने तिची नक्कल करू नये, आणि त्या चित्रांकडे बोट दाखवून कुठल्याही प्राण्याला मिठी मारायचा हट्ट धरू नये.

जुन्नरजवळच्या माणिकडोहला तर पर्यटनासाठी जायचंच नसतं. वनखात्याच्या या केंद्रात उसाच्या पट्ट्यातून पकडलेले, जखमी झालेले बिबटे ठेवतात. ऊसतोडीत सापडलेले बछडे तपासून, त्याच जागी संध्याकाळी पेटीत ठेवून आईची वाट पाहण्याचं काम इथली माणसं करतात. मादी येते आणि पिल्लू तोंडात धरून निघून जाते. या कामाला प्रेक्षक नसणंच बरं. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी देणगी द्यावी.

सहल कंपन्या गिऱ्हाईक मागेल ते देतात. 'ट्रिपअॅडव्हायझर'ने 2016 मध्ये वन्य प्राण्यांना हात लावण्याच्या कार्यक्रमांची तिकिटं विकणं थांबवण्याचा निर्णय घेतला, तोही प्राणिमित्रांनी लावून धरल्यावर. आपल्याकडच्या कंपन्याही ऐकतील. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सहलीचे पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. त्यात हत्तीची सफर, हत्तीस्नान किंवा वाघासोबत फोटो असेल, तर तो भाग वगळायला सांगा आणि त्याऐवजी कीठम किंवा उडवलवे मागा.