भंडारदऱ्याचे तंबू: बुकिंग शहरात, भार गावावर

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गाड्यांची रांग लागते. शनिवारी संध्याकाळी शेंडीच्या रस्त्यावर एसटीला वळायला जागा उरत नाही. घोटीकडून मुंबई-नाशिकची माणसं येतात, राजूरकडून पुण्या-संगमनेरची. बहुतेकांना काजवे बघायचे असतात, आणि जमलं तर प्रवरेच्या काठावर तंबूत एक रात्र काढायची असते.

या मुक्कामाचं सगळं नियोजन मोबाईलवर होतं. ग्रुप जमतो, कुणीतरी ॲडव्हान्स पाठवतो, लोकेशन येतं. तंबू, रात्रीचं जेवण, शेकोटी, सकाळी पोहे-चहा, असं पॅकेज ठरतं. शहरातल्या माणसाच्या दृष्टीने प्लॅनिंग इथे संपलं. पण त्या रात्री मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे या गावांच्या शिवारात एकूण किती माणसं झोपणार, त्यांना पाणी कुठून येणार, ती शौचाला कुठे जाणार आणि वादळ आलं तर पळणार कुठे, याचा हिशेब त्या बुकिंगमध्ये नसतो. तो गावाने करायचा असतो, आणि गावाला आकडाच कळत नाही. खरी अडचण इथून सुरू होते.

काठ कुणाचा?

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्यात बुडालेली जमीन इथल्याच माणसांची होती. पुढे १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. त्यामुळे आज जलाशयाभोवती तीन प्रकारची जमीन आहे: शेतकऱ्यांच्या मालकीची, पाटबंधारे खात्याची आणि वन विभागाची. नकाशावर त्या वेगवेगळ्या दिसतात. रात्री आठला अंधारात तंबू ठोकणाऱ्याला काहीच दिसत नाही.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की मधे मोकळी, सपाट, गाळाची जमीन उघडी पडते. तंबूला याहून चांगली जागा नाही, समोर पाणी, मागे डोंगर. म्हणून सगळ्यांची धाव तिकडेच. पण ती जमीन बुडीत क्षेत्रातली, म्हणजे सरकारी. तिथे तंबू लावायला कुणाची परवानगी आहे, असं विचारलं तर बुकिंग घेणारा म्हणतो, "गावातल्या पोरांनी सांगितलं चालतंय." उद्या कारवाई झाली तर तंबू उचलले जातात ते त्याच पोरांचे. ॲडव्हान्स घेणारा शहरात सुखरूप असतो.

अभयारण्याच्या हद्दीत गोष्ट आणखी कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, आणि जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं हा गुन्हा आहे. मे महिन्यात गवत वाळून कोळ झालेलं असतं. वाऱ्याने उडालेली एक ठिणगी डोंगर चढायला पुरेशी आहे. पॅकेजमध्ये शेकोटी लिहून विकणाऱ्याने ती कुठल्या जमिनीवर पेटणार, हे आधी बघायला हवं. लाऊडस्पीकरचा नियम तर देशभर एकच आहे, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. तो पाळला जात नाही हे वेगळं सांगायला नको.

काजवा कमी झालेला लगेच दिसत नाही

हा हंगाम ज्याच्या जिवावर चालतो, त्या काजव्याकडे थोडं नीट बघायला हवं.

झाडावर लुकलुकणारा काजवा हे त्याच्या आयुष्यातलं शेवटचं थोडकं पर्व. त्याआधी तो अळीच्या रूपात ओलसर माती, पालापाचोळा, गवताच्या मुळाशी कित्येक महिने काढतो. बारक्या गोगलगायी, किडे खाऊन वाढतो. पंख फुटल्यावर हातात उरतात दोन-तीन आठवडे. त्यात नर प्रकाश दाखवतो, मादी उत्तर देते, जोडी जमते, अंडी मातीत जातात. काजव्यांच्या काही जातींत मादीला उडताच येत नाही, ती गवतातच बसून असते.

आता अशा रात्री त्या झाडाखाली दोनशे माणसं उभी करा. कुणी मोबाईलची बॅटरी लावतो, कुणी गाडीचे हेडलाईट चालू ठेवतो, कुणी फांदी हलवून बघतो. उजेडात नराचा इशारा मादीला दिसत नाही. जोड्या जमत नाहीत. पायाखालच्या गवतात काय चिरडलं ते कुणाला कळत नाही. तरी त्या रात्री झाड लखलखतच असतं, कारण ते काजवे गेल्या वर्षीच्या अंड्यांतून आलेले आहेत. नुकसान दिसतं ते पुढच्या हंगामात, कधी त्याच्याही पुढच्या. तोवर बोलायला मिळतं की यंदा पाऊस लांबला, यंदा हवा वेगळी होती. पाऊस आणि हवेचा परिणाम होतोच, ते खोटं नाही. पण गर्दीचा हिशेब त्या नावाखाली लपतो, आणि म्हणून दरवर्षी थोडी आणखी गर्दी चालवून घेतली जाते.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एल्कमाँट नावाची जागा आहे, ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात. तिथेही जंगल, नदीचा काठ, तंबूंचा तळ आणि एकाच लयीत चमकणारे काजवे, सगळं भंडारदऱ्यासारखंच. गर्दी हाताबाहेर जायला लागली तेव्हा तिथे लॉटरी सुरू झाली. काजव्यांच्या ऐन आठवड्यात संध्याकाळनंतर आत सोडतात ते फक्त लॉटरीत पास लागलेल्या गाड्यांना आणि नदीकाठच्या तळावर आधी नोंद करून मुक्कामी असलेल्यांना. बॅटरीवर लाल किंवा निळा जिलेटिन कागद लावायचा, झोत जमिनीकडे ठेवायचा. यामुळे तिथले लोक यायचे थांबले नाहीत. उलट पास मिळावा म्हणून देशभरातून अर्ज जातात.

अकोल्यात अमेरिकेसारखी यंत्रणा नाही, आणि लॉटरीचा बडेजाव लगेच करायचीही गरज नाही. पण लाल जिलेटिन कागद राजूरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. रात्री कोणत्या झाडापर्यंत माणूस जाईल आणि कुठे दोरी बांधलेली असेल, हे गावातली चार पोरं ठरवू शकतात. सादडा, बेहडा, हिरडा, उंबर, कोणत्या झाडावर काजवा बसतो हे त्यांना कुणी शिकवायला नको.

धरण उशाला

धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण इथल्या वाड्या-वस्त्यांना चांगलीच माहीत आहे. भंडारदऱ्याची साठवण क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. पण ते पाणी खालच्या तालुक्यांचं. मे महिन्यात वरच्या वाडीतली बाई झऱ्यावर वाटीने हंडा भरते, आणि त्याच आठवड्यात तंबूवाल्यांची गर्दी कळसाला पोचलेली असते.

ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी, हा जल जीवन मिशनचा हिशेब आहे. पर्यटक त्यापेक्षा कमी वापरेल असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका गावात दोनशे माणसं मुक्कामी राहिली तर ११ हजार लिटर झाले, म्हणजे एक मोठा टँकर. तो टँकर कुणी आणायचा? आज बऱ्याच ठिकाणी तो प्रश्न विचारलाच जात नाही. गावची विहीर उपसली जाते, आणि सोमवारी सकाळी बायकांचं भांडण लागतं.

घाणीचंही तसंच. काठावर झुडपामागे जे सोडलं जातं ते पहिल्या मोठ्या पावसात सरळ जलाशयात उतरतं. तेच पाणी पुढे निळवंड्यात, तिथून संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे. म्हणजे भंडारदऱ्याच्या काठावर शौचालय असावं की नाही, हा एकट्या अकोल्याचा विषय राहत नाही. पाण्याच्या वाट्यावरून दरवर्षी बोलणाऱ्या खालच्या पुढाऱ्यांनी यावरही एकदा बोलायला हरकत नाही.

वळीव, वीज आणि आवर्तन

तंबूची जागा निवडताना शहरातला माणूस फोटो बघतो. गावातला माणूस आभाळ बघतो. काजव्यांचा हंगाम म्हणजेच वळवाचा हंगाम. दुपारपर्यंत कडक ऊन, संध्याकाळी पश्चिमेकडून काळं येतं, अर्ध्या तासात वारा तंबू उखडून टाकतो. विजेच्या वेळी मोकळ्या काठावरचा तंबू किंवा एकट्या झाडाचा आडोसा, दोन्ही धोक्याचे. पक्कं घर, शाळेची इमारत किंवा बंद गाडी, तिथेच जायचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देतं, पण डोंगराआड रेंज जाते. म्हणून कॅम्प चालवणाऱ्याने दिवसाउजेडीच पाहुण्यांना दाखवून ठेवावं की ढग आला तर कुठल्या घरात शिरायचं. त्या घरमालकालाही आधी विचारलेलं असावं, हे ओघाने आलं.

दुसरी गोष्ट शहरातल्यांना ठाऊकच नसते. धरणाच्या खाली, नदीपात्रात तंबू लावणं वेगळं आणि वर जलाशयाच्या काठावर लावणं वेगळं. खाली नदी कोरडी, खडकाळ, छान दिसते. पण उन्हाळी आवर्तन सुटलं की आभाळात ढगाचा ठिपका नसताना पाणी वाढतं. वर जलाशयाच्या काठावर उलटं. पाणी उतरलं की वरून सुकलेला, आतून ओला गाळ उघडा पडतो आणि त्यात पाय रुततो. पोहता येणाऱ्यालाही तिथून सहज बाहेर पडता येत नाही. जुलैत तर घाटघर-रतनवाडीला एका दिवसात शंभर-दोनशे मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही, तेव्हा काठाची रेघ रात्रीतून बदलते. आवर्तन कधी सुटणार हे पाटबंधारे खात्याला आधी माहीत असतं. तो निरोप गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि तिथून प्रत्येक कॅम्पवाल्याकडे गेला पाहिजे. याला खर्च शून्य आहे.

साप-विंचवाचं म्हणाल तर तंबूची चेन बंद ठेवणं, बूट झटकून घालणं, एवढं सांगितलं तरी खूप. चावलाच तर राजूर किंवा अकोले गाठावं लागतं. रात्री अकराला रस्ता पार्किंगने बंद असेल तर १०८ ची गाडी वर पोचणार कशी? एका बाजूलाच गाड्या लावायच्या, हा नियम म्हणूनच सगळ्यात आधी हवा. आणि थंडीच्या दिवसांत तंबूत कोळशाची शेगडी घेऊन झोपणारे असतात, त्यांना उठवून बाहेर काढावं. बंद तंबूत कोळशाच्या धुरातला विषारी वायू झोपेतच माणूस नेतो.

पैसा कुठे थांबतो

यावर गावातला तरुण म्हणेल, बंद करायला सांगता का? रोजगार हमीशिवाय दुसरं काम काय आहे इथे? त्याचं म्हणणं बरोबर आहे. पावसाळी भात सोडला तर या पट्ट्यात पैसा येण्याचे रस्ते मोजके. नाचणीची भाकरी, गावठी कोंबडी, करवंदं-जांभळं विकून बाया चार पैसे कमावतात ते याच दोन-तीन आठवड्यांत. तंबू बंद करणं हा उपाय होऊच शकत नाही.

पण पैसा कुठे थांबतो ते बघा. उदाहरणापुरता हिशेब: माणशी १,५०० रुपयांचं पॅकेज, दोनशे माणसं, एका रात्रीचे ३ लाख. बुकिंग बाहेरच्याने घेतलं असेल तर त्यातला मोठा भाग शेंडीत येतच नाही. गावात येते ती तंबू ठोकायची मजुरी, जागेचं भाडं आणि भाकऱ्यांचे पैसे. कचरा, पाणी, भांडणं मात्र सगळी गावात. याच दोनशे माणसांकडून माणशी ५० रुपये रीतसर पावती देऊन घेतले तर एका रात्रीचे १० हजार होतात. त्यात टँकर येतो आणि गर्दी सांभाळणाऱ्या काही पोरांचा रोजही निघतो. आणि पावती फाडली की आकडा कळतो. आज सगळ्यात मोठी उणीव त्या आकड्याचीच आहे.

आकडा कळला की मर्यादा घालता येते. आपल्या पाण्यावर, शौचालयांवर, पार्किंगवर शंभर माणसं निभतात की तीनशे, हे त्या-त्या गावानेच ठरवायचं. हा भाग आदिवासी क्षेत्रात येतो, पेसा कायद्याने ग्रामसभेला वजन दिलं आहे. वन हक्क कायदा २००६ नेही जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेकडे सोपवला आहे. वन विभाग, पाटबंधारे खातं आणि पोलीस यांना एका टेबलावर बसवून ठराव केला, तर बाहेरच्या बुकिंगवाल्यालाही गावच्या नोंदवहीत नाव लिहूनच तंबू लावावा लागेल. तो कुरकुरेल. पण जागा, वाट, पाणी सगळं गावाचं असताना त्याच्याकडे दुसरा पर्याय तरी काय?

एक धोका मात्र आहे. एका गावाने मर्यादा घातली आणि शेजारच्याने नाही, तर गर्दी नुसती पलीकडे सरकते आणि शिस्त पाळणारं गाव उपाशी राहतं. त्यामुळे धरणाभोवतीच्या गावांनी हे एकत्र करावं लागेल. मुरशेत आणि रतनवाडीने वेगवेगळे दर लावले तर तिसराच माणूस फायदा उचलेल.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा १ मे रोजी असते. काजवे त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी दिसायला लागतात. म्हणजे हा विषय त्या सभेच्या अजेंड्यावर यायचा असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज एप्रिलमध्येच पडायला हवा, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नये.